रमजानमध्ये शैतान जखडलेला असतो, मग माझ्या कानात बोललं कोण?

काटेवाला

अस्सलामु अलैकुम. जे मुस्लिम नाहीत त्यांना नमस्कार. नाव लिहीत नाही. सोलापुरात टॉवेलच्या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात.

वय २८. घरी आई, बायको आणि दीड वर्षाची मुलगी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मी काट्यावर असतो. सुताची पोती आली की वजन घ्यायचं, तयार माल डझनावर मोजून द्यायचा. दर शनिवारी एक व्यापारी टेम्पो घेऊन वेस्ट सूत उचलायला येतो, त्याचं वजन करून पावती फाडायची. काटा माझ्याकडे, पावतीबुक माझ्याकडे. मालक पावतीवर सही करतात, आकड्याकडे बघतसुद्धा नाहीत.

रमजानचा दुसरा शनिवार होता. असरची नमाज पढून आलो होतो, तोंडात रोजा. पोतं काट्यावर चढवलं, ६४ किलो भरलं. व्यापारी जवळ सरकून म्हणाला, "चोपन लिव्ह की. दहा किलोचे निम्मे तुला." किलोला ५० रुपये भाव. म्हणजे पाचशेतले अडीचशे माझे.

नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं, हे अल्लाहला माहीत आहे. पण तेवढ्यात डोक्यात एक आवाज सुरू झाला. मालकानं दिवाळीचा बोनस निम्माच दिला होता. दोन महिन्यांचा ओव्हरटाइम अजून बाकी आहे. हे तर वेस्ट सूत, पायाखाली पडलेलं. ईद तोंडावर आलीय, मुलीला फ्रॉक घ्यायचाय. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मला कुरआनातल्या सूरह (अध्याय) मुतफ्फिफीनची आठवण झाली, मापात मारणाऱ्यांचा सत्यानाश सांगणारी, तर त्या आवाजानं त्याच्यावरही उत्तर दिलं: ती आयत कमी देणाऱ्यासाठी आहे, तू तर गिऱ्हाइकाला जास्तच देतोयस! हे सगळं काट्यावरचा आकडा स्थिर व्हायला लागतो तेवढ्या वेळात झालं. मी ५४ लिहिलं.

त्या संध्याकाळी इफ्तारला खजूर तोंडात धरून बसलो आणि दुआ ओठावर येईना. तरी पुढच्या शनिवारी परत घेतले. ईदनंतर बंद करू म्हणालो, ईदनंतरही चार शनिवार घेतले. एकूण सात वेळा, १७५० रुपये. पहिल्यांदा हात थरथरला होता. चौथ्या वेळी व्यापारी टेम्पोतून उतरायच्या आधीच मी पेनचं टोपण काढून बसलो होतो.

मुलीचा फ्रॉक त्याच पैशातला आहे. ती तो घालून दोन्ही हात वर करून माझ्याकडे येते आणि मला तिला उचलून घ्यावंसं वाटत नाही. बायकोला वाटतं मी कामाने दमलोय.

गेल्या जुम्म्याच्या बयानात मौलानांनी मुनाफिकाच्या, म्हणजे वरून मुसलमान आणि आतून ढोंगी असणाऱ्याच्या, खुणा सांगितल्या. बोलेल तर खोटं, वचन देईल तर मोडेल, अमानत, म्हणजे विश्वासानं सोपवलेली चीज, दिली तर खयानत, म्हणजे विश्वासघात, करेल. तिसऱ्या खुणेला मी मान खाली घातली ती वर केली नाही.

मला विचारायचंय ते हे. लहानपणापासून ऐकत आलो की रमजानमध्ये शैतानांना जखडून ठेवतात. मग त्या दिवशी बोललं कोण? आवाज तर माझाच होता, माझ्याच बोलीत. पुढच्या वेळी तो ओळखायचा कसा? आणि त्या पैशांचं काय करू?

विजापूर वेस

वालेकुम अस्सलाम भाई. अऊजुबिल्लाह (शैतानापासून अल्लाहचा आसरा मागतो) पढत राहा, शक्यतो वुजूत (नमाजआधी हातपाय धुतात त्या पाक अवस्थेत) राहा. रात्री झोपताना चारों कुल, म्हणजे 'कुल' शब्दानं सुरू होणाऱ्या चार छोट्या सूरह, पढून अंगावरून हात फिरवा. तौबेचा दरवाजा उघडा आहे, त्या व्यापाऱ्याचा नाद सोडा. अल्लाह आसान करे.

जुना जॉबर

बेटा, तुझं लिहिलेलं दोनदा वाचलं. माझं वय ६७. बाप गिरणीत होता, मीही गिरणीत लागलो आणि गिरणी बंद पडल्यावर यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, म्हणून हात काळे केले. आलिम, म्हणजे धर्माचा पंडित, नाही. मशिदीत मगरीबनंतर जे ऐकलं आणि स्वतःच्या आयुष्यात जे भोगलं, तेवढंच सांगतो.

आधी रमजानचं. हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनांची नोंद, सही आहे, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. रमजान आला की जन्नतचे दरवाजे उघडतात, जहन्नमचे बंद होतात आणि शैतान जखडले जातात. पण नफ्स, म्हणजे माणसाची स्वतःची आतली ओढ, कुणी जखडलेली नाही. मागाचं बटण बंद कर. माग लगेच थांबतो का? दोन-चार फेरे मारूनच थांबतो. आधीच्या अकरा महिन्यांचा जोर अंगात असतो. उलेमा, म्हणजे आलिम लोक, हेच सांगतात, की बाहेरून ढकलणारा थांबला तरी आतली सवय फिरत राहते. खुद्द कुरआनात सूरह युसूफमध्ये आहे, की नफ्स वाईटाकडेच ओढते, माझ्या रबची रहमत होईल तेवढाच बचाव.

आणि जखडला नसता तरी काय मोठं? सूरह इब्राहीमची बाविसावी आयत कुणाकडून तरी अर्थासकट समजून घे. कयामतच्या दिवशी फैसला झाल्यावर शैतान स्वतः उभा राहून म्हणेल, माझी तुमच्यावर काही सत्ता नव्हती. मी फक्त बोलावलं, तुम्ही आलात. आता मला दोष देऊ नका, स्वतःला द्या. मी ही आयत पहिल्यांदा समजून ऐकली तेव्हा चप्पल घालायला वाकलो होतो, तसाच पायरीवर बसलो. कारण मीही वर्षानुवर्षं म्हणत होतो, शैतानानं करवलं.

आता ओळखायचं कसं. तू म्हणतोस आवाज माझाच होता. अरे, तो परक्याच्या आवाजात आला असता तर दारातच हाकलला असतास. आदम अलैहिस्सलाम आणि हव्वांकडे इब्लीस गेला तेव्हा नाफरमानी करा असं म्हणाला नाही. शपथ घेऊन म्हणाला, मी तुमचं भलं चिंतणारा आहे. तुझ्या डोक्यातल्या आवाजानं आधी काय काढलं? बोनस. ओव्हरटाइम. म्हणजे तुझं येणं. गुनाह असाच हक्काची वही उघडून बसतो. तुझा ओव्हरटाइम खरंच बाकी असेल, आणि मजुराची मजुरी घाम वाळायच्या आत द्या असं आपले पैगंबर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम सांगून गेलेत, तर त्याचा जाब मालकाला द्यावा लागेल. तो तोंडावर मागायचा, चार माणसांत मागायचा. काट्यातून चोरून नाही.

दुसरी खूण तू स्वतःच लिहिलीस आणि तुझ्या ध्यानात आलं नाही. ईदनंतर बंद करू. युसूफ अलैहिस्सलामच्या भावांनी त्यांना मारायचं ठरवलं तेव्हा काय म्हणाले? याला मारून टाका किंवा दूर कुठंतरी फेकून या, आणि त्यानंतर आपण नेक होऊन राहू. गुनाहच्या आधीच तौबेची तारीख ठरवली! बेटा, मनात हे वाक्य आलं ना, की एकदाच, मग तौबा करतो, तिथंच समज. चांगलं काम करताना असं वाक्य कधी मनात येत नाही.

तिसरी म्हणजे घाई. आकडा स्थिर व्हायच्या आत तुझ्याकडून ठरवून घेतलं. सबुरी अल्लाहकडून आणि घाई शैतानाकडून, असं हदीसमध्ये आहे. नुसतं पाणी पिऊन ये, पाच मिनिटं बाहेर उभा राहा, निम्मा जोर तिथंच जातो.

आणि सगळ्यांत सोपी कसोटी. पैगंबरांना विचारलं गेलं गुनाह म्हणजे काय, तर म्हणाले, जे तुझ्या छातीत टोचतं आणि लोकांना कळू नये असं तुला वाटतं ते. तुझा हात थरथरला होता की नाही? तो हातच सांगत होता. ज्या दिवशी थरथर थांबली त्या दिवसाची मला जास्त भीती वाटते. दमास्कसला इमाम इब्नुल कय्यिम होऊन गेले, इसवी १३५० साली वारले. त्यांनी या गोष्टीची पायरी न् पायरी लिहून ठेवलीय. मनात आलेला खयाल तिथंच परतव, नाहीतर त्याचा विचार होतो. विचाराची इच्छा होते, इच्छेचा इरादा, इराद्याचं काम, आणि कामाची सवय. तू पहिल्या शनिवारी खयालाशी लढत होतास. चौथ्या शनिवारी पेनचं टोपण आधीच निघालं होतं. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसानं तुझं टोपण पाहिलं होतं असं वाटतं मला.

आता माझं सांगतो. गिरणी बंद झाली तेव्हा माझी तिन्ही पोरं शाळेत. हातात काम नाही, आणि मटक्याचा नाद लागला. ओपन-क्लोज. चिठ्ठी घेणारा बसायचा ती पानटपरी मशिदीच्या वाटेवरच होती. जोहरला निघायचो, टपरीवर पाच रुपये लावायचो, मग नमाजला. वर्षभर हे चाललं. दारू आणि जुगार या शैतानी घाणीपासून दूर राहा, ही सूरह माइदाची आयत मला पाठ होती बरं का. पाठ असणं आणि पाय थांबणं वेगळं. मी रोज कसम खायचो आणि रोज टपरी आली की कसम विरघळायची. बायकोनं कानातले गहाण टाकले ते घरखर्चासाठी, आणि त्यातले साठ रुपये मी आकड्यावर लावले. त्या रात्री माझी आई, अल्लाह तिला जन्नत नसीब करो, एवढंच म्हणाली, "हराम का निवाला पेट में नक्को रे बाबा, बच्चों के पेट में तो बिलकुल नक्को."

दुसऱ्या दिवशी मी वाट बदलली. एवढंच केलं. मागच्या बोळातून वळसा घालून मशिदीत जायला लागलो, सात-आठ मिनिटं जास्त लागायची. मौलानांनी एक हदीस ऐकवली होती, नव्व्याण्णव खून केलेल्या माणसाची. त्यानं एका आबिदाला, म्हणजे नुसती इबादत करणाऱ्याला, विचारलं माझी तौबा होईल का, तो नाही म्हणाला, तर त्यालाही मारून शंभर पुरे केले. मग एका आलिमाकडे गेला. आलिम म्हणाला तौबेच्या आड कोण येणार? पण आता तुझ्या गावी परत जाऊ नकोस, ते वाईट गाव आहे, अमुक गावी जा, तिथं नेक लोक राहतात. वाटेत त्याला मौत आली आणि तो चांगल्या गावाकडे वीतभर जास्त सरकलेला निघाला, तेवढ्यावर त्याची माफी झाली. मी म्हटलं, त्यानं गाव सोडलं, मला एक बोळ सोडता येत नाही? आज ती टपरी नाही, पोरं सांगतात तिथं मोबाईलचं दुकान आहे. मी अजून मागच्या बोळानंच जातो.

कुरआन जिनाबद्दल, म्हणजे व्यभिचाराबद्दलही करू नका एवढंच म्हणत नाही, जवळसुद्धा जाऊ नका म्हणतं. आणि पैगंबरांनी मेंढपाळाची मिसाल दिली, राखीव कुरणाच्या काठावर चारणारा, त्याची मेंढरं आज ना उद्या आत शिरणारच. आपल्याकडं धनगरांची मेंढरं बघितलीस ना? ज्वारीच्या बांधाला लावून कुणी चारत नाही, लांबूनच वळवतो. तुझा बांध कुठला ते शोध. माझ्या मते व्यापाऱ्याशी एकट्यानं उभं राहणं हाच तुझा बांध आहे.

मुनाफिक आहेस की नाही यावर मी काही बोलत नाही, ते कुणी जाणतं लिहील. पैशांचं मात्र स्पष्ट आहे. इमाम नववी नावाचे जुने आलिम सांगतात, तौबेला तीन गोष्टी लागतात: गुनाह सोडणं, पस्तावणं, परत न करण्याचा पक्का इरादा. आणि बंद्याचा हक्क मारला असेल तर चौथी, तो हक्क त्याला परत पोचवणं. रात्रभर रडलास तरी चौथीला माफी नाही.

आठ मागवाला

मी मुस्लिम नाही, पद्मशाली आहे. पण प्रश्न माझ्या धंद्यातला आहे म्हणून लिहितो. राग मानू नका.

माझे आठ माग आहेत, काट्यावर एक माणूस आहे, आणि मीही पावतीवर न बघता सही करतो. हे वाचून काल वही काढून बसलो होतो. चोरी शोधायला नाही. त्याचा ओव्हरटाइम किती थकलाय ते बघायला. दोन महिन्यांचा निघाला. माझाच कारखाना असल्यासारखं वाटलं.

खरं सांगतो, माझ्या माणसानं येऊन मला हे सांगितलं असतं तर दहा वर्षांपूर्वी मी त्याला त्याच दिवशी काढलं असतं. आज काढणार नाही, पण काट्यावरून हलवेन. म्हणून सांगायचं की नाही ते तुम्ही तुमच्या मौलानांना विचारा.

मला कळतं ते एवढंच. एका माणसाच्या हातात काटा आणि त्याच माणसाच्या हातात पावती, ही मालकाची चूक आहे. माझ्याकडं आता वजन होताना हमाल समोर उभा राहतो, आकडा मोठ्यानं बोलायचा, आणि काट्याच्या आकड्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. तुम्हीच मालकाला सुचवा. कुणावर संशय म्हणून नाही, पद्धत म्हणून.

काटेवाला

चाचा, अल्लाह तुम्हाला जजा दे. "त्यानंतर नेक होऊन राहू" हे वाचून अंगावर काटा आला. मी हेच म्हणत होतो, शब्द न् शब्द.

एक विचारतो. परत किती द्यायचे? मी घेतले १७५०. पण मालकाचं नुकसान ७० किलोचं, म्हणजे ३५००. बाकीचे निम्मे व्यापाऱ्यानं खाल्ले.

जुना जॉबर

बघ, या प्रश्नातसुद्धा तोच आवाज बारीक बोलतोय का ते तूच तपास. मी फतवा देणारा नाही, दारुल इफ्तातून, म्हणजे फतवा देतात त्या ठिकाणाहून, विचारून घे. पण मला जे कळतं त्याप्रमाणं अमानत तुझ्याकडे होती. काटा व्यापाऱ्याच्या हातात नव्हता. अमानतदारानं जाणूनबुजून कमी लिहिलं की नुकसान त्याच्या अंगावर. ३५०० दे. व्यापाऱ्याच्या वाट्याचं त्याच्याकडून मागता आलं तर माग, नाही दिलं तर ते तू आणि तो आणि अल्लाह.

आणि सगळं फोडून सांगणं फर्ज नाही. हक्क पोचला पाहिजे. अल्लाहनं झाकलेलं आपण होऊन उघडं करत फिरू नये, हेही दीनच आहे. तू इथं नाव लिहिलं नाहीस ते चांगलं केलंस. फक्त खोटं बोलायचं नाही, नाहीतर मुनाफिकाच्या तिसऱ्या खुणेची भरपाई करायला जाऊन पहिली लावून घेशील, असं व्हायचं.

जुळे सोलापूरची आपा

मी मुलींच्या मदरशात शिकवते. मागं कुणी मुनाफिकाबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहिते, कारण मला तीच जागा सगळ्यात घातक वाटते.

भाऊ, हंजला रजियल्लाहु अन्हु हे पैगंबरांचे लेखनिक होते. तुमच्यासारखेच हातात कलम असलेले. एक दिवस ते अबू बकर रजियल्लाहु अन्हुंना रस्त्यात भेटले आणि म्हणाले, हंजला मुनाफिक झाला! का? तर पैगंबरांजवळ बसलो की जन्नत-जहन्नम डोळ्यांनी दिसतात, आणि घरी जाऊन बायकोमुलांत, शेतीवाडीत रमलो की बरंच विसरायला होतं. अबू बकर म्हणाले, अरे, मलाही असंच होतं. दोघं मिळून पैगंबरांकडे गेले. त्यांनी काय सांगितलं? तुम्ही सदा माझ्याजवळ असता तसेच राहिलात तर फरिश्ते तुमच्या बिछान्यावर आणि रस्त्यात येऊन तुमच्याशी हात मिळवतील. पण हंजला, एक घडी अशी, एक घडी तशी. तीनदा म्हणाले. आणि इब्न अबी मुलैका हे ताबिई, म्हणजे सहाबांच्या (पैगंबरांच्या सोबत्यांच्या) पुढच्या पिढीतले, सांगतात की मी तीस सहाबांना भेटलो, प्रत्येकाला स्वतःच्या मुनाफिक असण्याची भीती वाटायची. तुम्ही ज्या भीतीनं मान खाली घातलीत ती त्या तीस जणांची भीती आहे. खयानत झाली हे खरं, ती मुनाफिकाची कृती आहे हेही खरं. पण "मी मुनाफिकच आहे, आता काय उरलं" हा जो पुढचा विचार येतो ना, तो गुनाहचा पस्तावा नाही. तो दुसरा वस्वसा, म्हणजे मनात सोडलेली कुजबुज, आहे. पहिला तुम्हाला चोरी करायला सांगतो, दुसरा तौबेला जाऊ देत नाही. पहिल्यात सांगतो अल्लाह माफ करेल, दुसऱ्यात सांगतो अल्लाह माफ करणार नाही. बोलणारा एकच.

उलेमा एक फरक सांगतात, तो मला फार उपयोगी पडला. नफ्स हट्टी मुलासारखी असते, तिला जे हवं तेच हवं, दिवसभर त्याच एका गोष्टीचा धोशा लावते. शैतानाला तसं नसतं. तुम्ही या दारातून आला नाहीत तर तो त्या दारानं बोलावतो, तुमचं कुठंतरी नुकसान झालं की त्याला पुरे. मोठा गुनाह जमला नाही तर चांगल्या कामातच कीड सोडतो.

हे मी माझ्या घरात पाहिलंय. माझ्या धाकट्या बहिणीला वुजूचा वस्वसा होता. कोपर धुतलं की नाही, डोक्यावरून हात फिरला की नाही. एका वुजूला दोन बादल्या. आपल्या गावात चार-चार दिवसांआड नळाला पाणी यायचं, आम्ही पिंपं, घागरी, पातेली, सगळं भरून ठेवायचो आणि ही पहाटे अंधारात अर्धं पिंप रिकामं करायची. हाताची कातडी सोलून निघाली होती. अम्मी रागवायची तर म्हणायची, माझी नमाजच होणार नाही मग. तिला गुनाहची भीती होती, आणि त्या भीतीतूनच तिला नमाजचा कंटाळा यायला लागला होता. फजर टाळायला लागली. बघा कुठून कुठं आणलं.

पैगंबर एक मुद्द पाण्यात वुजू करायचे, साधारण तांब्याभर. मी तिला एक तांब्या ठरवून दिला, पितळी, अम्मीच्या माहेरचा. एवढ्यात वुजू. शंका आली तरी दुसऱ्यांदा धुवायचं नाही, तसंच मुसल्ल्यावर उभं राहायचं. पहिले आठ-दहा दिवस ती रडत नमाज पढली. काही सहाबा पैगंबरांकडे आले होते, मनात असे विचार येतात की तोंडानं बोलणंही पहाड वाटतं. त्यांनी विचारलं, खरंच असं होतं? हो म्हणाले. तर पैगंबर म्हणाले, हाच तर उघड ईमान आहे. म्हणजे त्या विचारानं जीव घाबरतो, तेच. दुसरी हदीस आहे की मनात येणाऱ्या गोष्टी या उम्मतीला माफ आहेत, जोपर्यंत माणूस तसं बोलत नाही किंवा करत नाही. मी बहिणीला रोज हे ऐकवायचे. तरी दोन महिने लागले, आणि डॉक्टरांकडेही न्यावं लागलं. ते लपवण्यात अर्थ नाही. एवढा त्रास असणाऱ्यानं डॉक्टर टाळू नये.

तर भाऊ, येत्या शनिवारी परत तो विचार येईल. आला म्हणून घाबरू नका, तौबा मोडली असं समजू नका. इब्न अब्बास रजियल्लाहु अन्हुंची रिवायत आहे, की बंद्यानं वाईटाचा इरादा केला आणि अल्लाहसाठी केलं नाही, तर त्याच्या नावे एक पुरी नेकी लिहिली जाते. शून्य नाही, नेकी. तुमच्या पावतीबुकात आकडा तुम्ही लिहिता. त्या वहीत दुसरं कुणी लिहितंय.

आणि पैसे परत करायचं या आठवड्यातच सुरू करा. "त्यानंतर" नको.

काटेवाला

सहा आठवडे झाले. कुणी वाट पाहत असेल म्हणून लिहितो.

दारुल इफ्तात जाऊन विचारलं. जॉबरचाचा म्हणाले तेच निघालं, पूर्ण ३५००. त्याच संध्याकाळी मालकांकडे गेलो. रस्त्यानं चार वाक्यं तयार केली होती, सगळी चांगली होती, आणि सगळ्यांत थोडं थोडं खोटं होतं. केबिनमध्ये उभा राहिलो तेव्हा एवढंच बोललो, "वेस्टच्या वजनात माझ्याकडून ७० किलो कमी लिहिलं गेलंय. ३५०० होतात. आठवड्याच्या पगारातून सातशे-सातशे कापा." ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मी नजर खाली केली नाही, का ते मलाही माहीत नाही. त्यांनी विचारलं काही नाही. डायरीत लिहिलं. मग मी आठ मागवाल्या दादांनी सांगितलेली पद्धत सुचवली, हमाल समोर, आकडा मोठ्यानं, फोटो ग्रुपवर. म्हणाले, उद्यापासून कर.

ओव्हरटाइमचा विषय मी त्या दिवशी काढला नाही. पुढच्या महिन्यात तोंडावर काढला. निम्मा मिळाला, निम्मा देतो म्हणालेत.

पहिल्या शनिवारी व्यापारी आला. ५८ किलो ४०० ग्रॅम. हमाल शेजारी उभा होता तरी तो आवाज आला, मी खोटं सांगत नाही. म्हणाला, हा शेवटचा कर, हमालाला शंभर दे. तोंडात लाळ सुटल्यासारखं झालं. अऊजुबिल्लाह म्हटलं, बाजूच्या माठातलं ग्लासभर पाणी प्यालो, आणि आकडा इतक्या जोरात ओरडलो की शिलाईवरच्या बायकांनी वळून पाहिलं. हमालानं तोच आकडा परत म्हटला. मी लिहिला. व्यापारी काही न बोलता पोतं चढवून गेला. त्याच्या निम्म्याचं मी मागितलं तेव्हा हसला फक्त. दोन शनिवारांनंतर तो यायचा थांबला, आता त्याचा पुतण्या टेम्पो आणतो.

आज पाचवे सातशे कापले गेले. घरी पोचलो तर मुलगी दारात उभी होती, तोच फ्रॉक घालून. गुडघ्याच्या वर गेलाय आता, काखेत घट्ट होतोय. तिनं हात वर केले. घामाचे हात शर्टाला पुसले आणि तिला उचलून घेतलं.